जपानमध्ये शिकवायला जाताना: नव्या शिक्षकाची तयारी नेमकी कशाची

जपानमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेल्या तरुणाला घरचे आणि मित्र पहिला प्रश्न विचारतात तो भाषेचा: तुला जपानी येते का? प्रश्न रास्त आहे, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत नव्या शिक्षकाची जी दमछाक होते तिचे मूळ बहुधा भाषेत नसते. आपल्याला नोकरीवर नेमके कोणी ठेवले आहे, वर्गात शेवटचा शब्द कोणाचा, रजा कोणाकडे मागायची, घरातली गळकी तोटी कोणाला सांगायची, तास ऐन वेळी रद्द झाला तर त्या वेळात आपण काय करावे अशी अपेक्षा आहे, यांपैकी एकाही गोष्टीचे चित्र त्याच्या मनात स्पष्ट नसते, आणि न विचारता सगळ्यांना सगळे ठाऊक असते असे वाटायला लावणाऱ्या वातावरणात तो एकटा पडतो. म्हणून या लेखात तयारीचा विचार एकाच सूत्राने केला आहे: कोणता निर्णय कोणाच्या हातात असतो आणि तो कोणाला विचारायचा.

सुरुवात करारापासून करायला हवी. सर्वांत परिचित वाट आहे ती ‘जेट’ या सरकारी कार्यक्रमाची. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतील ८४८ जणांना घेऊन तो १९८७ मध्ये सुरू झाला. आता त्यात पन्नासहून अधिक देशांतले पाच हजारांवर लोक असतात, आणि भारतातूनही जपानी दूतावासामार्फत थोड्या जणांची निवड होते. त्यांतले बहुसंख्य लोक ‘एएलटी’ म्हणजे सहायक भाषाशिक्षक असतात. इथे एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी लागते. निवड दूतावास करतो, पण नोकरीचा करार होतो तो एखाद्या प्रांताच्या किंवा नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाशी, आणि पगार, रजा, शिस्त, बदली हे सर्व त्या मंडळाच्या हाती असते. करार एकेका वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षे वाढवता येतो. त्यामुळे एकाच विमानातून उतरलेल्या दोघांपैकी एकाला एकच मोठी शाळा आणि शहरातली सदनिका मिळते, तर दुसऱ्याला डोंगरातल्या सहा छोट्या शाळा आणि मंडळाने दिलेले जुने लाकडी घर. जेटमधले जुने लोक नव्यांना सांगतात की प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते; हे टाळाटाळीचे उत्तर वाटते, पण व्यवस्थेच्या रचनेतूनच आलेले ते खरे उत्तर आहे.

दुसरी वाट म्हणजे मंडळाने स्वतः केलेली थेट नेमणूक, आणि तिसरी म्हणजे खासगी कंपनीमार्फत शाळेत जाणे. ही तिसरी वाट सर्वांत कमी समजावून सांगितली जाते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. कंपनी आणि शिक्षण मंडळ यांच्यातला करार दोन प्रकारचा असू शकतो. पहिल्या प्रकाराला ‘हाकेन’ म्हणतात: शिक्षक कंपनीचा असतो, पण शाळेत तो शाळेच्या सांगण्यानुसार काम करतो. दुसरा प्रकार आहे ‘इताकु’, म्हणजे कामच कंपनीला ठेक्याने दिलेले असते. अशा वेळी शाळेतल्या जपानी शिक्षकाने परदेशी शिक्षकाला थेट सूचना देणे कायद्यात बसत नाही, सूचना कंपनीच्या माध्यमातून यायला हवी. याचा वर्गातला परिणाम विचित्र असतो. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने ‘हे वाक्य जरा सावकाश वाचा’ असे म्हणायचे की नाही, हाच प्रश्न निर्माण होतो, आणि म्हणायचेच असेल तर ते आदल्या दिवशी कंपनीकडून आलेल्या कागदावर असावे लागते. नव्या शिक्षकाला हे माहीत नसेल तर त्याला वाटते की सहकारी आपल्याशी मुद्दाम अंतर ठेवून वागतो. आपला करार यांपैकी कोणता आहे, हे सही करण्यापूर्वी विचारायला हवे, आणि तसे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

व्हिसाच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. सरकारी शाळेत शिकवणाऱ्याला ‘क्योइकु’ म्हणजे शिक्षण या वर्गातला निवासदर्जा मिळतो, तर खासगी संभाषणवर्गात शिकवणाऱ्याला मानव्यविद्या आणि आंतरराष्ट्रीय सेवा यांच्या वर्गातला. एका वर्गात राहून दुसऱ्या वर्गातले काम संध्याकाळी करायचे असेल तर आप्रवासन कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. मराठी वाचकांसाठी इथे एक महत्त्वाची अट आहे. परकीय भाषा शिकवण्यासाठी शिक्षणाच्या वर्गातला दर्जा मागणाऱ्या सहायक शिक्षकाकडे पदवी तर हवीच, शिवाय त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे अशी अपेक्षा असते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत पदवी घेतलेल्या उमेदवाराचे इंग्रजी उत्तम असले तरी त्याची वर्षे मोजताना अडचण येऊ शकते, म्हणून मुलाखतीच्या तयारीला लागण्यापूर्वीच शाळा आणि महाविद्यालयाकडून माध्यमाचा दाखला काढून ठेवावा आणि नोकरी देणाऱ्याला ही गोष्ट स्पष्ट सांगावी.

आता वर्गाकडे वळू. जपानमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुण दिला जाणारा विषय आहे, वर्षाला ७० तासिकांचा, आणि तिसरी-चौथीला ३५ तासिकांची ‘परकीय भाषेची कृती’ असते, जिच्यात परीक्षा नसते. प्राथमिक शाळेत तासिका ४५ मिनिटांची आणि पुढच्या कनिष्ठ माध्यमिक शाळेत ५० मिनिटांची असते. जपानी शिक्षक-परवाना नसलेला सहायक शिक्षक वर्गाची जबाबदारी एकट्याने घेऊ शकत नाही. मूल्यमापन, शिस्त आणि अभ्यासक्रम हे परवानाधारक जपानी शिक्षकाचे काम असते आणि तास दोघांनी मिळून घ्यायचा असतो.

कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात प्राथमिक शाळेत वर्गशिक्षक एकटाच गणितापासून संगीतापर्यंत बहुतेक सगळे शिकवतो, इंग्रजीचे वेगळे प्रशिक्षण त्याला मिळालेले असतेच असे नाही, आणि त्यामुळे बरेचदा ‘आजचा तास तुम्हीच चालवा’ असे होते. कनिष्ठ माध्यमिक शाळेत नेमके उलटे होते. तिथे इंग्रजीचा शिक्षक स्वतंत्र असतो, सक्तीचे नऊ वर्षांचे शिक्षण संपताना मुलांना उच्च माध्यमिक शाळेची प्रवेशपरीक्षा द्यायची असते, आणि तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हिवाळा जवळ आला की खेळ आणि संभाषण मागे पडून व्याकरणाचा सराव सुरू होतो. त्या काळात परदेशी शिक्षकाला केवळ उतारा वाचून दाखवण्याचे काम उरते आणि त्याला आपण निरुपयोगी ठरलो असे वाटू लागते. त्याला कोणी आधी सांगितलेले नसते की हा त्याच्या कामावरचा शेरा नाही, ते वर्षाचे ऋतुचक्र आहे.

नव्या शिक्षकाची तयारी करून घेताना धडे आणि खेळ यांचे भारे त्याच्या हाती देण्यापेक्षा जोडीने शिकवण्याचा सराव करून घेणे जास्त गरजेचे आहे, असे माझे ठाम मत आहे. दोन माणसांनी एका वर्गासमोर उभे राहून एकमेकांना जागा देणे हे कौशल्य आहे, आणि ज्याने भारतात साठ मुलांचा वर्ग एकट्याने सांभाळला आहे त्याला ते अधिकच अवघड जाते, कारण त्याची सवय वर्ग ताब्यात घेण्याची असते. जपानी सहकाऱ्याकडे नियोजनाला वेळ नसतो, हेही त्याला माहीत असावे. ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचे काम आठवड्याला सरासरी ५६ तास निघाले आणि पाहणीतल्या देशांत तो आकडा सर्वाधिक होता. त्यात खेळांच्या आणि छंदांच्या मंडळांची देखरेख, म्हणजे ‘बुकात्सु’, येते. त्यावर १९७१ च्या कायद्यानुसार जादा कामाचा हिशेब तासांनी न होता पगारावर ठरावीक ४ टक्के भर घालून होत आला. हा भर टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. अशा माणसाकडे ‘आपण अर्धा तास बसून चर्चा करू’ अशी मागणी करण्यापेक्षा उद्याच्या तासाची रूपरेषा एका कागदावर लिहून त्याच्या टेबलावर ठेवणे आणि ‘यात काही बदल हवा का’ एवढेच विचारणे उपयोगी पडते.

यातूनच जपानी कार्यालयांतल्या एका सवयीकडे येता येते, जिला ‘होरेन्सो’ म्हणतात. होकोकु म्हणजे झालेल्या कामाची माहिती वर देणे, रेनराकु म्हणजे संबंधितांना कळवणे आणि सोदान म्हणजे निर्णयापूर्वी सल्ला घेणे. या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून हा शब्द बनतो, आणि जपानीत पालकाच्या भाजीलाही होरेन्सोच म्हणत असल्यामुळे तो कोणी विसरत नाही. आपल्याकडे वारंवार विचारणारा माणूस परावलंबी समजला जातो, तिथे न विचारता करणारा माणूस बेभरवशाचा समजला जातो. गाडी दहा मिनिटे उशिरा धावत असेल तर शाळेत पोहोचून क्षमा मागणे पुरेसे नसते. फलाटावरूनच फोन करायचा आणि स्थानकातून रेल्वेचा उशिराचा दाखला घेऊन यायचा. रजा हवी असेल तर आधी सहशिक्षकाशी बोलायचे आणि मग उपमुख्याध्यापकाकडे कागद द्यायचा. हा उपमुख्याध्यापक, ‘क्योतो सेन्सेइ’, स्टाफरूममध्ये सर्वांना दिसेल अशा जागी बसतो आणि शाळेची खरी दैनंदिनी त्याच्या हातातून चालते. मुख्याध्यापकांना नमस्कार करून नवा शिक्षक या माणसाकडे दुर्लक्ष करतो, ही वारंवार होणारी चूक आहे.

परदेशी माणूस निर्णयाच्या जागेवर कधीच पोहोचत नाही असा याचा अर्थ नाही. मूळचे महाराष्ट्रातले आणि पुढे जपानी नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि नंतर इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पण ती वाट सहायक शिक्षकाच्या एक वर्षाच्या करारातून जात नाही, हे नव्याने जाणाऱ्याने समजून घेतलेले बरे.

भाषेच्या तयारीबद्दल आता बोलता येईल. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा मोठी आहे आणि तिथून अनुवादक व कंपन्यांतले दुभाषे तयार होतात, परंतु कार्यालयातली आदरार्थी जपानी शिकून गेलेल्या माणसाला तिसरीतले मूल काय म्हणते ते पहिले काही आठवडे कळत नाही, कारण मूल आपल्या गावच्या बोलीत आणि अर्ध्या वाक्यांत बोलते. त्याच वेळी मराठी माणसाजवळ एक शिदोरी आधीच असते. जपानी काना लिपीचा क्रम, आ-इ-उ-ए-ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, हा बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या मांडणीवरून आलेला आहे. क्रियापद शेवटी येणे आणि नामामागे प्रत्ययासारखे शब्द लागणे हेही आपल्याला परके नाही. अक्षरात व्यंजनासोबत स्वर असतोच, ही जाण असल्यामुळे जपानी मूल ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ का करते हे मराठी शिक्षकाला चटकन उमगते, आणि मुलाला केवळ ‘चुकले’ म्हणण्याऐवजी शेवटचा स्वर कुठे गाळायचा ते दाखवता येते. आपला उच्चार अमेरिकन नाही याची खंत बाळगण्यापेक्षा या जाणिवेचा वर्गात वापर करावा.

दुपारच्या जेवणाचा प्रश्न शाकाहारी घरातून गेलेल्यांसाठी छोटा नसतो. प्राथमिक शाळेत ‘क्यूशोकु’ म्हणजे शाळेचे जेवण मुले पांढरे डगले घालून स्वतः वाढतात आणि शिक्षक वर्गातच त्यांच्याबरोबर जेवतो. १९५४ च्या कायद्याने हे जेवण शिक्षणाचा भाग मानले गेले आहे. मांसाचा तुकडा ताटात दिसत नसला तरी सुपातला ‘दाशी’ म्हणजे मूळ रस बहुधा सुकवलेल्या माशाचा असतो, आणि भाजीतही तो येतो. मंडळाला किंवा उपमुख्याध्यापकाला शाळा सुरू होण्यापूर्वी सांगितले तर जेवणाचे पैसे कापणे थांबवून डबा आणण्याची परवानगी मिळू शकते. महिन्याचा आहारतक्ता घटकांसह छापलेला असतो, तो मागून घ्यावा. महिनाभर निमूटपणे ताट परत करत राहिले तर मात्र मुलांना शिकवलेल्या ‘उरवू नये’ या वळणाला धक्का बसतो आणि वर्गशिक्षकाची पंचाईत होते.

पैशांची गणिते शिक्षकाला कोणी नीट समजावत नाही. मंडळाने घर दिले नसेल तर भाड्याच्या घरासाठी अनामत, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी ‘रेइकिन’, दलाली, हमीदार कंपनीचे शुल्क आणि पहिल्या महिन्याचे भाडे मिळून चार ते सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम सुरुवातीलाच जाऊ शकते, आणि पहिला पगार यायला महिना-दीड महिना लागतो. मोठ्या विमानतळांवर निवासपत्र हाती मिळते; राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत त्यावर नगरकार्यालयातून पत्ता नोंदवून घ्यायचा असतो. बँक खात्यासाठी फोन क्रमांक मागतात आणि फोनसाठी बँक खाते, त्यामुळे या दोन खिडक्यांवर सोबत येणारा माणूस शाळेकडून किंवा मंडळाकडून आधीच मागून ठेवावा. दवाखान्यात विमा असला तरी ३० टक्के रक्कम स्वतः भरायची असते. सर्वांत अनपेक्षित असतो तो रहिवासी कर. तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर सुमारे १० टक्के बसतो आणि जूनपासून वसूल होतो, म्हणून पहिल्या वर्षी तो नसतो आणि दुसऱ्या वर्षी पगार तोच राहूनही हातात येणारी रक्कम एकदम कमी होते.

औषधांबाबत एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. आपल्याकडे सहज मिळणारी कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या यांच्यावर जपानमध्ये कडक मर्यादा आहेत, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले नियमित औषधही एका महिन्याहून अधिक पुरेल इतके न्यायचे असेल तर आरोग्य मंत्रालयाकडून आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते. आईने पिशवीत घातलेली बाटली विमानतळावर गंभीर प्रकरण होऊ शकते.

भूकंपाची तयारी हा कार्यक्रमपत्रिकेतला शेवटचा पंधरा मिनिटांचा विषय असू नये. जपानी हवामान संस्थेची धक्क्याची मोजणी ० ते ७ अशी असते आणि त्यात ५ व ६ यांचे सौम्य आणि तीव्र असे दोन भाग पाडलेले असल्यामुळे एकूण दहा पायऱ्या होतात. हा आकडा भूकंपाच्या एकूण शक्तीचा नसून आपण उभे आहोत तिथे जमीन किती हादरली याचा असतो. शाळेतल्या कवायतीत मुलांना ‘ओ-का-शि-मो’ शिकवतात: ढकलू नका, धावू नका, बोलू नका, मागे फिरू नका. सहायक शिक्षकाने यात प्रेक्षक म्हणून उभे राहू नये. कोणत्या वर्गाबरोबर आपण बाहेर पडायचे, मुलांची मोजणी कोण करतो, शाळा निवाराकेंद्र झाली तर आपले काम काय, आणि त्सुनामीचा इशारा असेल तर कोणत्या उंचवट्यावर जायचे, हे त्याला पहिल्या आठवड्यात सांगितले गेले पाहिजे. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी तोहोकूच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला तेव्हा शाळा सुरू होत्या. इशिनोमाकीमध्ये शिकवणारी टेलर अँडरसन आणि रिकुझेनताकाता इथला मॉन्टी डिक्सन, हे जेटमधून आलेले दोन अमेरिकन शिक्षक त्या त्सुनामीत गेले. टेलर मुलांना पालक घेऊन जाईपर्यंत शाळेत थांबली होती आणि त्यानंतर सायकलवरून घरी निघाली होती. तिच्या आईवडिलांनी पुढे तिथल्या शाळांना पुस्तकांची कपाटे दिली आणि मुले त्यांना ‘टेलर बुंको’ म्हणतात. ११९ हा अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचा, ११० पोलिसांचा आणि १७१ हा आपत्तीत घरच्यांसाठी निरोप ठेवण्याचा क्रमांक आहे. हे तिन्ही फोनमध्ये नव्हे, तोंडपाठ असावेत.

एकटेपणाबद्दल थोडेच सांगतो. भारतापेक्षा जपानचे घड्याळ साडेतीन तास पुढे असल्याने शाळा सुटल्यावर घरी फोन लागतो, तेवढा आधार पुष्कळ असतो, पण हिवाळ्यात लहान गावात दिवस लवकर मावळतो आणि शेजारी बोलायला कोणी नसते. टोकियोत १९७३ पासून ‘टेल’ ही इंग्रजीतून ऐकून घेणारी दूरध्वनी सेवा चालते. नव्या शिक्षकाच्या हाती तिचा क्रमांक जाताना द्यावा, अडचण आल्यावर नव्हे.

तयारीचे वेळापत्रकही बदलायला हवे असे मला वाटते. विमानातून उतरलेल्या माणसाला दोन दिवसांत कर, कचरा, करार, वर्ग आणि भूकंप असे सगळे ऐकवले तर त्यातले फारसे काही उरत नाही. निघण्यापूर्वी कागद, पैसे आणि औषधे. पहिल्या आठवड्यात घर, दवाखाना आणि आपत्ती. पहिल्या महिन्यात शिकवण्यापेक्षा इतरांचे तास पाहणे. आणि तीन-चार महिन्यांनी, जेव्हा खरे प्रश्न तयार झालेले असतात, तेव्हा वर्गाविषयीचे सविस्तर प्रशिक्षण, असा क्रम जास्त टिकतो. जेटचे लोक प्रामुख्याने जुलै-ऑगस्टमध्ये पोहोचतात, तर जपानी शाळेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. म्हणजे ते चालत्या वर्षाच्या मध्यावर, सुट्टीत रिकाम्या शाळेत येऊन बसतात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये बदल्यांच्या यादीत त्यांचा सहशिक्षक, कधी उपमुख्याध्यापकही, निघून जातो. जोडी पुन्हा नव्याने जमवावी लागते.

परतण्याची तयारीही जाण्याच्या तयारीतच मोडते. पगारातून निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जाते, १८.३ टक्के, निम्मी शिक्षकाची आणि निम्मी मालकाची. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केल्यास, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या वर्गणीच्या हिशेबाने, त्यातला काही भाग एकरकमी मिळतो. भारत आणि जपान यांच्यात २०१६ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, पण ही रक्कम उचलली की ती वर्षे पुढे निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब करूनच अर्ज करावा. त्या रकमेवर २०.४२ टक्के कर कापला जातो, आणि तो परत मिळवण्यासाठी जपानमध्ये राहणारा एक करप्रतिनिधी लागतो. त्याचे नाव देश सोडण्यापूर्वी करकार्यालयात नोंदवून ठेवले तर काम सोपे होते. सहसा हे काम एखादा सहशिक्षक किंवा शेजारी करतो. त्याला ते विचारायचे शेवटच्या आठवड्यात नव्हे, निदान महिनाभर आधी, आणि त्याच सुमारास आपल्या जागी येणाऱ्यासाठी एक वही लिहायला घ्यायची: कोणत्या वारी कोणता कचरा, कोणत्या शाळेत घरून चपला न्याव्या लागतात, पाचवीच्या वर्गशिक्षकांना रूपरेषा आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत लागते, आणि गळक्या तोटीसाठी मंडळातल्या कोणत्या टेबलाशी जायचे.